बारा गावं आणि सहा नंबर

सुमनवहिनी, मंडळी, भर दुपारी तुम्ही एवढे सगळे तिलक नगरला आलात. मला बोलायला उभं केलंय. वसंतराव पेठकर जाऊन दहा दिवस झाले. मला रडू यायला हवं, तर संताप येतोय. सांभाळून घ्या.

मी कुसुम. इथल्या सी-स्कीम भागातल्या आमच्या संगणक केंद्रात त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसते. बसत होते. बारा गावांच्या दवाखान्यांतले संगणक आम्हाला एकमेकांना जोडायचे होते. कशासाठी? साप चावलेला पेशंट आला, तर त्याचं इंजेक्शन कुठल्या गावात शिल्लक आहे ते लगेच कळावं म्हणून. घराला लागतो तसा प्रत्येक संगणकाला एक नंबर लागतो, आणि तो दिल्लीहून मिळतो. आपल्या मनाने घेता येत नाही.

अर्जात रकाना असतो, किती नंबर हवेत? इथे नोकरीत केस पांढरे केलेली मंडळी बसली आहेत. तुम्हीच सांगा, बारा हवे असतील तर किती लिहायचे? चोवीस. वरचे निम्मे कापतात, हे शिपायालाही ठाऊक असतं. मी म्हटलं, "वसंतराव, चोवीस लिहा." तर म्हणाले, "कुसुमताई, संगणक बारा आहेत. चोवीस कसे लिहू?" लिहिले बारा. आले सहा. विचारलं, तर उत्तर आलं, आधी सहा वापरून दाखवा.

दाखवले ना. सहा नंबरांवर बारा गावं चालवली या माणसाने. सकाळी टोंकला जो नंबर, दुपारी तोच बूंदीला. दोघांनी एकदम चालू केलं की दोन्ही ठप्प. म्हणून रोज फोन. "भैया, आप बंद करो, अब बूंदी की बारी." रजा नाही, सण नाही. तीन दिवस छातीत दुखत होतं. डॉक्टरकडे जा म्हटलं, तर म्हणे, "मतलब, दुपारची पाळी कोण बदलणार?" वहिनी, मी त्यांच्याशी भांडले हो. अजून भांडायला हवं होतं.

कुठला नंबर कधी कुणाचा, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. मला नाही जमलं. सहा गावं मी बंद ठेवली आहेत. परवा बूंदीहून फोन आला, सापाचा पेशंट आहे, इंजेक्शन कुठे मिळेल? मी एकेका गावाला ट्रंक कॉल लावत बसले. माणूस वाचला, नशीब त्याचं. पुढचा वाचेल का?

नंबर देणारे साहेब आज दिल्लीहून आले आहेत. हार घेऊन. साहेब आपले नागपूरचेच, तेव्हा मी मराठीत काय बोलतेय ते त्यांना कळतंय.

वसंतराव, तुमच्या खरेपणाने मला फार छळलं. तरी नमस्कार करते.

मंडळी, दोन मिनिटं शांत उभं राहू या. साहेब, तुम्हीसुद्धा. पण नंतर लगेच निघू नका. उरलेल्या सहा नंबरांचा अर्ज मी सोबत आणलाय. सही इथेच करा.