रेवा वर आली की नाही

सगळ्यांना जयभीम, सलाम, नमस्कार.

मागं उभं राहू नका, पुढं सतरंजीवर जागा आहे. या. ताई असत्या तर त्यांनी आधी सगळ्यांना नीट बसवलं असतं आणि मगच तोंड उघडू दिलं असतं.

मी सादिक. नव्या पेठेत माझं कापडाचं दुकान आहे. दिवसभर बोलून पोट भरणारा माणूस मी, पण मघापासून सुमनताईंच्या फोटोकडं बघायचं टाळतोय. बघितलं की वाटतं, आता म्हणतील, "सादिकभाई, पाल्हाळ पुरे."

ताईंचे पाहुणे मोहोळहून आलेत. त्यांना प्रश्न पडला असेल, पहिलं बोलायला याच माणसाला का उभं केलं? एका मावशींनी जिन्यात विचारलंसुद्धा, ताईंच्या कादंबरीला नावं ठेवणारे ते तुम्हीच का? होय मावशी, तो मीच. आमच्या शनिवारच्या वाचक कट्ट्याचा नियमच तसा आहे. ज्याला पुस्तक आवडलं नाही त्यानं आधी बोलायचं. आवडलेल्यांनी तोवर गप ऐकायचं. हा नियम ताईंनीच घातला. त्यांचं म्हणणं असं, की कौतुक आधी झालं तर नाराज माणूस भिडेपोटी "छान आहे" म्हणतो आणि घरी जातो. भूगोलाच्या बाई त्या. वर्गात गप्प बसलेलं पोरगं त्यांना खपायचं नाही. आज शोकसभा आहे म्हणून नियम मोडायचा का, असं मी मल्लिनाथला विचारलं. तो म्हणाला, बिलकुल न्हाय. म्हणून मी पहिला.

मल्लिनाथ कोण, ते पाहुण्यांना सांगायला पाहिजे. तो बघा, खिडकीपाशी. रिक्षा चालवतो, अक्कलकोटकडचा आहे, आणि कट्ट्यावरचा माझा सगळ्यात मोठा वैरी आहे. वैर कशावरून? ताईंच्या कादंबरीवरून.

निवृत्त झाल्यावर ताईंनी कादंबरी लिहिली. कशावर? समुद्राच्या तळावर. सोलापुरात बसून. नाव, "वीस वाव खाली." वाव म्हणजे कोळी लोकांचं पाणी मोजायचं माप, दोन्ही हात पसरले की एक वाव. रेवा नावाची, खोल पाण्यात बुड्या मारणारी पोरगी आहे. तस्करांची एक लाँच बुडालेली आहे, तिच्या केबिनमध्ये रेवाचा भाऊ उरलेल्या हवेवर जिवंत अडकलाय. ती खाली जाते. वरून कुणीतरी दगा देतं. शेवटी खाली माणसं दोन आणि हवेची टाकी एकच. वर होडीत म्हातारा नावाडी खाली सोडलेली दोरी धरून बसलाय. दोरीला एक हिसका बसतो. आणि पुस्तक संपतं.

मी म्हणालो, ही फसवणूक आहे. भर कट्ट्यावर म्हणालो, ताईंच्या तोंडावर म्हणालो. माणूस जीव मुठीत धरून एवढी पानं वाचतो, आणि वर कोण आलं ते तुम्ही सांगत नाही? रेवा आली? भाऊ आला? कुणीच नाही? हा शब्द मागं घ्यायला मी आज इथं आलेलो नाही. माझं मत आजही तेच आहे. आणि मधला तो बंदरावरच्या चौकशीचा भाग आजही मला रटाळ वाटतो.

मल्लिनाथ त्या दिवशी उठून म्हणाला, "सादिकभाई, तुमाला सगळं ताटात वाढूनच लागतंय व्हय?" झालं. त्या दिवसापासून कट्ट्याचे दोन तट पडले. मंगळवेढ्याचे एक गुरुजी तर नुसते भांडायला एसटीनं यायचे. भांडून झालं की समाधानानं परत जायचे. माझी बायको आणि माझी सून, एकाच घरात दोघींची दोन मतं. जेवताना विषय काढायची चोरी झाली होती. आणि ताई? ताई मजेत सगळं ऐकायच्या. मी जास्त तापलो की चहाचा कप माझ्यापुढं सरकवायच्या.

एक चूक मात्र आम्हा दोन्ही तटांच्या नजरेतून सुटली. छापायच्या आधी कादंबरी कट्ट्यावर प्रकरण-प्रकरण वाचली होती. तिच्यात एका ठिकाणी रेवा दमून वर येते, घशाला कोरड पडलीय, तर ती ओंजळभर पाणी पिते आणि ताजीतवानी होऊन परत बुडी मारते. समुद्राचं पाणी बरं का. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. एकालाही खटकलं नाही. खटकणार कसं? नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणारी माणसं आपण. पाणी दिसलं की आधी प्यायचं आणि मग भरून ठेवायचं, एवढंच आपल्याला ठाऊक. पुस्तक बाहेर पडल्यावर कोकणातून एका बाईंचा फोन आला. त्यांना हसू आवरत नव्हतं.

ताई इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. जन्मभर पोरांना समुद्र शिकवला आणि मीठच विसरले, म्हणाल्या. मल्लिनाथ म्हणत होता, ऱ्हाऊ द्या की, आपल्या गावची खूण हाय. ताईंनी ऐकलं नाही.

आता जे सांगतो ते कृपा करून नीट ऐका. ताई दवाखान्यात होत्या, तेव्हाची गोष्ट. मी मोसंबी घेऊन गेलो होतो. दोन वाक्यं झाली नाहीत तोवर आमचा शेवटावरून वाद सुरू. नर्सबाई येऊन रागावून गेल्या. त्या गेल्यावर ताई हळू आवाजात म्हणाल्या, "सादिकभाई, ते पाणी पिण्याचं वाक्य माझी चूक आहे. नवी आवृत्ती निघाली तर ते काढायला सांगा. शेवट ही चूक नाही. तो मी विचार करून लिहिलाय, तो तसाच राहू द्या."

मी म्हटलं, ताई, तुम्ही बऱ्या होऊन या, मग बघू. मला वाटलं होतं, अजून लई भांडायचं आहे आपल्याला.

ताई गेल्या. आणि परवा अमित माझ्या दुकानात आला. अमित, ताईंचा मुलगा, हा इथं पुढं बसलाय. त्याला प्रकाशकांचा फोन आला होता. ते नवी आवृत्ती काढायला तयार आहेत, पण अट एकच. शेवटी दोन पानं वाढवायची. रेवा भावाला घेऊन वर येते, वर पोलिसांची बोट उभी आहे, सगळं गोड. नाहीतर पुस्तक परत छापणार नाहीत. अमित म्हणाला, "काका, तुम्हीच लिहा. शेवट तुम्हालाच पाहिजे होता ना?"

पोराचं काय चुकलं? आईचं पुस्तक दुकानात दिसावं असं कुठल्या लेकराला वाटणार नाही? आणि खरं सांगू? माझ्याकडं शेवट तयार होता. पहिल्यांदा वाचलं त्या दिवसापासून डोक्यात होता. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, गल्ल्यावर बसून लिहून काढला. चांगला झाला हो. वाचून माझाच ऊर भरून आला. बाहेर मल्लिनाथची रिक्षा दिसली, त्याला हाक मारून वाचून दाखवला. त्यानं शेवटपर्यंत ऐकला. मग म्हणाला, "लई झ्याक हाय. पण हे तुमचं हाय सादिकभाई. ताईंचं न्हाय."

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला त्याचं म्हणणं जागच्या जागी पटलं. कागद फाडला. माझं भांडण ताईंशी होतं. त्या समोर बसून उत्तर द्यायच्या, तोवर त्या भांडणात मजा होती. समोरचा उठून गेल्यावर त्याच्या सोंगट्या खिशात घालायच्या, असला कॅरम मी खेळत नाही.

म्हणून आज या सभेत, ताईंच्या फोटोसमोर, मी सांगतो. ते पाणी पिण्याचं वाक्य जाईल, कारण ताईंनी तसं सांगितलंय. मल्लिनाथ, तू कितीही हट्ट धर. आणि शेवटाला कुणी हात लावणार नाही. ज्याला शेवट आवडला त्यानंही नाही, आणि माझ्यासारख्यानं तर मुळीच नाही. प्रकाशक तयार नसतील तर त्यांना नमस्कार. सोलापुरात छापखाने काय बंद पडलेत? कट्टा छापेल. मुद्रितं मी तपासतो. मल्लिनाथ रिक्षातून घरोघर पोचवतो म्हणालाय. ज्यांना पुस्तक आवडलं नाही, त्यांच्या घरी मी स्वतः घेऊन जाईन.

पण हक्क माझा नाही, अमितचा आहे. अमित, ऊठ बाळा. सगळ्यांसमोर विचारतो, राग मानू नकोस. आईचा शेवट तसाच राहू द्यायचा का?

मान हलवून चालणार नाही रे, मागच्यांना दिसत नाही.

ऐकलंत? "राहू दे," म्हणाला. शाब्बास. बस.

माझं बोलणं संपलं. आता सगळे उभे राहू या आणि थोडा वेळ शांत राहू या. डोळे मिटा. दोरीला हिसका बसलाय. वर कोण येतंय, ते ज्याचं त्यानं आपापलं बघावं. कुणाला काय दिसलं ते कुणी कुणाला सांगायचं नाही, विचारायचं नाही. ताई, तुमच्या पुस्तकावरून हा कट्टा पहिल्यांदाच गप्प बसतोय. तुम्हाला ते आवडणार नाही, ठाऊक आहे मला. आजच्यापुरतं चालवून घ्या.