आडवी काडी, पुढं चाळीस

हॅलो?... कोण, आदेश? बोल रे... हो, धोंडीच बोलते, शेणव्याची. तुझ्या बहिणीची सासू. दुसरं कोण उचलणार?

हो, हो... मिळाला तुझ्या गॅरेजातला, गाडी तपासायचा स्कॅनर. धनेशनं खोचलाय स्टेरिंगखाली. आता लांब जाऊन उभा राहिलाय. आईला भितो नि बायकोलाही... गाडी? चालूच हाय. घरघर ऐकू येत नाय का तुला?

नाय नाय, धनेशला नाय देणार फोन. त्यानं बायकोच्या बाजूनं आकडे सांगितले तर? माझ्या डोळ्यानं बघीन. दुसरी शिकलेय, पण आकडे वाचते... इंग्रजीसुद्धा! मोबाईलचे नंबर काय तुझा बाप लावून देतो?

बरं... वरनं पहिली ओळ. आठशे वीस... आठशे चाळीस... अरे, हा एका जागी थांबत का नाय?... इंजिनाचे फेरे? असंच असतं? बरं.

थांब, अगोदर माझं ऐक. महिनाभर ही गाडी पेट्रोल पिते. चालवते अक्षदा. शेणवा ते आटगाव स्टेशन, फेऱ्या त्याच, नि टाकी दोन दिसात कोरडी. मग पेट्रोल कुठं गेलं? माहेरी! मुरबाडच्या फेऱ्यांत! म्हटलं मी तिला तोंडावर. किल्ली काढून घेतली. काय चुकलं?... हो, आली रडत तुमच्याकडं, ठाऊक हाय. पिवळी बत्तीसुद्धा महिनाभर पेटलीय, टाकी संपल्याची... आँ? ती टाकीची नाय? इंजिनाची?

...सांगते रे, सांगते. तिसरी ओळ. आडवी काडी, पुढं चाळीस... काडी म्हंजे काडी! आकड्याच्या आधी... उणे? म्हंजे बर्फापेक्षा गार? डोकं फिरलं तुझ्या यंत्राचं. इंजिनावर भाकर टाकली तर करपंल, नि हे म्हणतंय गार!

काय?... गाडीला वाटतं थंडी हाय... म्हणून जास्त पेट्रोल घेते?... सारखं? उभ्या उभ्यासुद्धा?

...बोल. गाडी बंद करू? केली. धनेश, बॉनेट उघड रे, दांडी लाव!... हो, दिसतंय. पाण्याच्या जाड नळीजवळ, ताप मोजायच्या वायरीचं टोक... सुटलंय. लोंबतंय.

उंदीर?... हो, उंदीरच असंल. उंदीरच धर...

नाय. थांब आदेश. उंदीर गाठ मारत नाय.

काळा दोरा हाय वायरीला. लिंबू नि मिरच्या, वाळून कोळसा झाल्यात... कोणी म्हंजे? मीच! अक्षदा बंपरवरनं सारखी काढून टाकायची, बरं दिसत नाय म्हणायची. म्हणून अमावस्येला आत बांधलं, तिच्या नजरंआड. घट्ट बसावं म्हणून वायर ओढून गाठ मारली... हो. झाला की महिना.

हसू नको... हसत नाय? मग सांग, टोक कसं बसवू?

...बसवलं. टक वाजलं. धनेश, चावी मार!... अरे, काडी गेली. शहाऐंशी... अठ्ठ्याऐंशी... एक्क्याण्णव. एक्क्याण्णव, आदेश.

नाय, तू सांगू नको तिला. फोनही देऊ नको तिच्याकडं... अरे ऐक ना! मी तिला चोर म्हटलं ते भर अंगणात. शेजारची भिमी कुडापलीकडं उभी राहून ऐकत होती, सगळ्या आळीत पोचवलं तिनं. नि आता मी फोनवर कुजबुजून मोकळी होऊ? येते मी मुरबाडला. धनेश आणील... जेवण नको. चहासुद्धा नको, आधी बोलू दे मला.

...ती परत नाय आली तर नाय. किल्ली तिच्या हातात देईन, गाडी तिथंच ठेवीन, आमी एसटीनं परत येऊ.

बरं, ठेव आता. ए भिमे! डोकावतेस काय गो? लुगडं बदल, चल मुरबाडला... कशाला म्हंजे? ऐकायला पुढं होतीस ना? आता गाडीतही पुढंच बस!