काकाची दोरी

डोळ्यांच्या दवाखान्यात आईची फाइल मांडीवर घेऊन बसलेल्या बाईंना कोणाचंच बोलणं ऐकायचं नव्हतं. पण ते दोघे भाऊ त्यांच्याच बाकावर बसले होते.

"दादा, पाणी तरी घे."

"नको. धनुष्याला आज नवी दोरी, उद्या नवं वजन. पोरीच्या डोक्यात हे खूळ तूच भरवलंस."

"मी खटपट करतो ती माझ्या धनुष्याशी. आप्पांच्या धनुष्याला मी कधी बोट लावलंय?"

"तीस वर्षं मी ते वापरलं, साधी चीर नाही. आज तूच फोनवर सांगितलंस, तिने ओढून सोडलं आणि मधोमध तडकलं. ढलपी थेट डोळ्यात."

"मी तुकडे पाहिले, दादा. त्यांना माझ्या पेटीतली दोरी होती."

"दोरीने काय होतंय?"

"ती दोरी जराही लांबत नाही. सगळा हिसका लाकडाला बसतो. जुन्या धनुष्याला ती लावायचीच नसते. कोणी लावली?"

"मी."

"तू? माझ्या पेटीकडे ढुंकून तरी पाहतोस का कधी?"

"परवा तिची स्पर्धा. म्हणाली, बाबा, एकदा तरी काकाचं ऐका. म्हटलं, चला, ऐकू."

"मग मला विचारायचं ना!"

"कोणत्या तोंडाने? इतकी वर्षं तुला हसलो."

दार ढकलून नर्स बाहेर आली.

"मुलीचे काका कोण? तुम्ही एकटेच आत या. आजोबांचं धनुष्य माझ्या हातून मोडलं, बाबांना एवढ्यात सांगू नका, म्हणून रडतेय."