दाजींनी बसवलेली चाळीसची एमसीबी

आमच्या दुबलगुंडीच्या दाजींना विजेतलं किती कळतंय, तेवढं ऐकाच. सकाळी अक्काचा गिझर, मिक्सर, पंखा समदं चालू असलं की एमसीबी, म्हंजी बोर्डातलं आपोआप वीज तोडणारं बटण, पडायची. दाजी ती वर करायचे, ती परत पडायची. मी म्हटलं, "दाजी, समदी बटणं बंद करा, एमसीबी वर करा, मग एकेक लावून बघा. ज्याच्यावर पडंल, त्यातच खोट हाय."

"तू मला शिकवायलास व्हय?" दाजी हसले. "एमसीबीच लेचीपेची हाय."

अन् सोळा ॲम्पची काढून त्यांनी चाळीसची बसवली. वायर मात्र तीच जुनी, बारीक. मग गल्लीभर सांगत फिरले, आता पडते का बघा म्हणून. खरंच पडली न्हाई.

एका सकाळी अक्का म्हणाली, "अहो, बोर्डाजवळ भिंत गरम कामून लागायलीय?"

"उन्हानं," दाजी म्हणाले. ती घरातली मधली भिंत. तिथं ऊन कुठलं?

घटकाभरात बोर्डातून धूर निघाला. दाजी पाण्याची बादली घेऊन धावले. अक्कानं त्यांचा हात धरला, मेन स्विच बंद केला, म्हणून माणूस वाचला.

वायरमननं गिझर उघडला, तर आतली कॉइलच खराब. तो म्हणाला, "एमसीबी तुम्हाला वाचवायलाच पडत होती. चाळीसची पडलीच नाही, म्हणून बारीक वायर तापून जळाली. मोठी बसवायची अक्कल कुणाची?"

"दुकानदाराची," दाजी बोलले.

अक्का शांतपणे म्हणाली, "दुकानदार हितं ऱ्हात न्हाई. इथून पुढं बोर्डाला तुम्ही हात लावायचा न्हाई."

आता दाजींना पंखा लावायचा असला तरी अक्काला हाक मारावी लागते.