ढिला दोर

—नाही, नाही, सोडा तो दोर. सोडा म्हणतो ना. एवढा ताणून बांधलात तर तुमची ही देखणी यॉट संध्याकाळी भिंतीला टांगलेली दिसेल, वाळत घातल्यासारखी. हसू नका. पाणी शांत बघून सगळेच फसतात — चहूकडून डोंगर, वारा नाही, लाट नाही, नव्या माणसाला वाटतं तळंच आहे. तळं कसलं! आत्ता भरती आहे म्हणून, सहा तासांत दोन पुरुष पाणी उतरतं. तिकडचे तरंगते धक्के पाण्याबरोबर खाली जातात, ही दगडी भिंत कुठे जाणार? दोर ढिला हवा. हं, असा — अजून थोडा. तीस वर्षं हेच करतोय, लोकांच्या बोटी बांधायच्या नि सोडायच्या. पाठ गेली, कंटाळा आला हो. तरी बांधून झाल्यावर दोनदा येऊन बघतो.

का म्हणजे? एकदा चुकलो ना. इथेच. दादानं — थोरला भाऊ माझा — नऊ वर्षं खपून स्वतःच्या हातानं बोट तयार केली. पहिल्या सफरीहून आला, दमलेला, दोर माझ्याकडे फेकला — तू आहेस ना, मग मी निवांत, म्हणाला, आणि घरी जाऊन झोपला. मला घाई. कसली? डोंबलाची! आतल्या खोलीत दोस्त पत्ते पिसून बसले होते. दोर चांगला आवळला, वर आणखी एक गाठ मारली, आणि गेलो. ओहोटीला बोट लटकली, खुंटा उपटला, बोट आडवी — डोलकाठीचे भिंतीवर आपटून दोन तुकडे. दादा आला, बघितलं, आणि एक शब्द बोलला नाही. शिव्या घातल्या असत्या तर एकदाची फिट्टंफाट झाली असती. चौदा वर्षं झाली. दरवर्षी येतो दुसरी बोट घेऊन, आमच्याकडे जेवतो, पोरींना खाऊ आणतो, सगळं गोड. पण दोर? तो स्वतः उडी मारून बांधतो. मी शेजारी उभा, रिकाम्या हातांनी.

यंदा गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्याचं. उडी जमायची नाही. सकाळी वहिनीचा फोन आला, एकटाच निघालाय म्हणाली. तिकडे तरंगत्या धक्क्यांवर जागा नाही असं मघाशी म्हणालो ना तुम्हाला? आहे. तीन जागा रिकाम्या आहेत. पण दोर घ्यायला कुणीतरी हवं इथे, त्याला चालेल असं. तुम्ही घ्या, मी सांगतो तसा बांधा. मला काही वाटणार नाही... वाटतं हो. चौदा वर्षं वाटतंय.

ती बघा, वळणावरून आली, पांढरी. तोच. पुढे व्हा, हात वर करा, दिसू दे त्याला. दादा! इकडे, हे घेतायत! — मान का हलवतोय? दादा, अरे, हे साहेब घेतायत, यांच्याकडे टाक — काय? मी? मी घेऊ?

सरका. अहो, सरका ना बाजूला.