तिकडच्या वर्गात आई

(राहात्याजवळ उसाच्या फडाकडेला बायडाबाईची कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी. टोळी ट्रकची वाट बघत बसलेली. फोनच्या पलीकडे, जर्मनीत सहा महिन्यांसाठी शिकायला गेलेली तिची लेक दिपाली.)

बायडाबाई : मला विंग्रजी येत न्हाई, पर फोटू वळखू येतो. आन् तू सारखी पोटाकडं हात न्हेत हुतीस.

दिपाली : तुला कुणी दाखवला व्हिडिओ?

बायडाबाई : मुकादमाच्या पंकजानं. पाच-सहा बाया गोळा झाल्या. तू काचंच्या खोलीत हुबी, मागं भिंतीएवढी मी. डोक्यावर मोळी, साडीवर तुझ्या बापाचा फाटका शर्ट. त्यातल्या त्यात बरा फोटू तरी घ्यायचा.

दिपाली : आई, तो युनिव्हर्सिटीनं टाकलाय. मी नाही.

बायडाबाई : बोलत कोन हुतं? युनिवर्सिटी?

दिपाली : मीच.

बायडाबाई : माझी पिशवी काढली, ह्ये सांगितलंस.

दिपाली : सांगितलं. ऊसतोड बायकांवर तास होता. मॅडमनी पडद्यावर आकडे दाखवले, इतक्या जणींची गर्भाची पिशवी काढली म्हणून. एक पोरगा म्हणाला, या बायका नाही का म्हणत नाहीत? सगळे माझ्याकडं बघायला लागले. वर्गात भारतातली मी एकटीच. पुढच्या आठवड्यात मी तुझा फोटो घेऊन उभी राहिले.

बायडाबाई : पोरांफुडं. मी तुझ्या बापाफुडं सुदीक ह्यो शब्द कधी काढला न्हाई.

दिपाली : तुला काय सांगू. आल्यापासून माझ्या शेजारची खुर्ची रिकामी असायची. वाईट कुणी वागत नाही गं. हसतात, दार धरून ठेवतात आणि निघून जातात. एका रविवारी मी दिवसभरात एक शब्द बोलले नव्हते. सोमवारी वर्गात तोंड उघडलं तर आवाज घोगरा निघाला.

बायडाबाई : फोनवर तर म्हनायचीस, लई मैत्रिनी झाल्यात.

दिपाली : झाल्या की. तुझा फोटो दाखवल्यावर. दोघी रडल्या. एकीनं घरी जेवायला बोलावलं.

बायडाबाई : म्हंजे माझ्या पिशवीवर जेवलीस.

दिपाली : असं नको ना बोलू.

बायडाबाई : रडू नको. काय हुतं जेवायला?

दिपाली : बटाटे. बिनतिखटाचे.

बायडाबाई : घ्या. पिशवी पन गेली आन् चव पन न्हाई.

दिपाली : आई, मॅडमना तुझ्याशी बोलायचंय. गुरुवारी, व्हिडिओवर. त्यावर माझा शेवटचा पेपर आहे. चांगला झाला तर त्या मला एम.ए.ला इथंच घ्यायचं बघतील.

बायडाबाई : तू काय सांगितलंस त्यांला? कुनी काढाया लावली?

दिपाली : खरं तेच. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. पाळीत बाईनं एक दिवस खाडा केला तरी दंड. मुकादम मागं लागलेला, डॉक्टरनं कॅन्सरची भीती घातली. तुला फसवलं.

बायडाबाई : मला कुनी फसवलं न्हाई. मी सोता गेल्ते. दर म्हैन्याला च्यार दिस कंबर मोडायची, वर मोळी. एकोनतीसची हुते, तू आन् तुझा भाऊ झालेले. म्हनलं, नगच ही कटकट. डॉक्टर खरं बोलतोय का खोटं, मी इचारलं बी न्हाई. मला त्येच ऐकायचं हुतं.

दिपाली : हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

बायडाबाई : तू इचारलंस कुठं? फोटू घिऊन गेलीस. आन् मी येकली गेल्ते का?

दिपाली : म्हणजे?

बायडाबाई : सविता.

दिपाली : सविताकाकीची पण? ती तर म्हणते, मोनिकानंतर काही राहिलंच नाही.

बायडाबाई : तेवीसची हुती. मोनिका रांगत हुती, तिला अजून एक पायजे हुतं. फडात मागं पडायची. मुकादम मला बोलायचा, तुझ्या जावंला सांग काईतरी. मी तिला म्हनलं, चल, दोघींचं एकदम उरकू, मागनं दोघींचं करायला एकच बाई लागंल. हाताला धरून न्हेली. डॉक्टर इचारत हुता, हिला नक्की करायचं का? ती माझ्याकडं बघत हुती. मीच व्हय म्हनलं.

दिपाली : आई.

बायडाबाई : तुझ्या व्हिडिओत ह्ये नव्हतं. तिथं मी बिचारी. काल बाया बघत हुत्या तवा सविता पन हुती. बघून झालं आन् घागर घिऊन पान्याला गेली.

दिपाली : मग गुरुवारचं राहू दे. मी दुसरा विषय घेते.

बायडाबाई : ऱ्हाऊ कशाला दे? पर आदी तिला इचार. ती बोलली, तर मी बी बोलन. ती न्हाई म्हनली, तर माझं बी न्हाई, आन् तो फोटू काढून टाकाया लाव.

दिपाली : आणि ती तुझं नाव घेऊन काही बोलली तर?

बायडाबाई : ते कापू नको.

दिपाली : तो पेपर सगळे वाचतील, आई.

बायडाबाई : वाचू दे. तवापासनं बारा वर्सं आमी एका चुलीवर भाकरी करतोय. तिनं मला एक शब्द कधी बोलून दाखवला न्हाई. तुला सांगंल. थांब, तिच्याकडं देते फोन. मी जाते ट्रक आला का बघाया. आन् दिपे, ती माझ्याबद्दल काय म्हनली, ते मला सांगू नको.