अडतीस नंबरची काच

समारंभाचे अध्यक्ष प्राचार्य किसनरावजी, मुंबईहून आलेले संशोधन मंडळाचे सन्माननीय पाहुणे, सत्कारमूर्ती डॉक्टर खुशालरावजी, आणि अमरावतीच्या जाणत्या श्रोत्यांनो,

मी शालिकराम, पदार्थविज्ञान प्रयोगशाळेतला साहाय्यक. सूक्ष्मदर्शक मी कुठल्या वर्गात शिकलो नाही. अकरा वर्षे डोळा लावून शिकलो. म्हणून माझ्या बोलण्यात आकडे येतील. ते सगळे नोंदवहीतले आहेत.

डॉक्टरसाहेब उद्या मुंबईला मोठ्या जागेवर रुजू होतात. कशाच्या बळावर? त्यांनी गणकयंत्राला कण ओळखायला शिकवले! फुग्यांतून आभाळात पाठवलेल्या काचांवर रसायनाचा थर असतो, त्यात कण आपली रेघ सोडून जातात. आम्ही ती शोधायची, मोजायची आणि पुढे लिहायचे, 'कण' किंवा 'खरड', म्हणजे काचेवरचा नुसता ओरखडा. अशी हजारो उदाहरणे दिली की यंत्र नव्या रेघेचा निवाडा आपणच करते. कल्पना साहेबांचीच, आणि थोर. टाळ्या वाजवा, मी थांबतो.

उदाहरणे मात्र आमच्याकडे काचा तपासणाऱ्या जयवंताबाईंची. त्या पाहा, चौथ्या रांगेत. खरड ओळखायची कशी? सूक्ष्मदर्शकाचा बारीक स्क्रू फिरवत खाली उतरायचे. कणाची रेघ थराच्या आत सापडते, खरड वरच्यावरच राहते. सहा वर्षांत बाई एकदाही चुकल्या नाहीत.

साहेबांना कणांची उदाहरणे कमी पडली. त्यांनी तक्त्यातून रेघ किती खोल आहे तो रकानाच काढला आणि एकशे बारा खरडींपुढे 'कण' लिहा म्हणाले.

बाई म्हणाल्या, "साहेब, खरडीले कण कावून म्हनू? मले तं ते वरच दिसून राहिलं."

दुसऱ्या दिवशी बाईंना कामावरून कमी केले. कारण लिहिले, 'दृष्टिदोष'. मी बोलायला गेलो, तर साहेब म्हणाले, "शालिकराम, तुमी काचा पुसा. कन कोनता अन् खरड कोनती, ते आमाले समजते."

आज्ञेप्रमाणे मी काचा पुसत राहिलो. आणि गेल्या वर्षी यंत्राने अडतीस नंबरच्या काचेवर एक जाड, सरळ रेघ दाखवली. नवा कण! निबंध छापला, हार आले, मंडळाचे पत्र आले. यंत्राला दोष नाही. जे शिकवले, ते त्याने इमानाने सांगितले.

पण अडतीस नंबरची काच ९ मार्च १९६४ रोजी मी स्वतः पुसली होती. स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस बार्शीटाकळीच्या आमच्या घरचा. त्यात सरकीच्या टरफलाचा तुकडा राहिला. नोंदवही, पान ७१, माझ्या हातची ओळ: 'पुसताना खरड, लांबी चार मिलिमीटर, चूक माझी.' तेव्हा श्रोतेहो, साहेबांचा नवा कण आभाळातून आलेला नाही. तो बार्शीटाकळीहून आला.

साहेब, उठू नका, शाल अजून द्यायची आहे.

पाहुण्यांनी चहाकडे जाताना व्हरांड्यात क्षणभर थांबावे. सूक्ष्मदर्शक मांडला आहे, काच लावली आहे, वही उघडी ठेवली आहे. स्क्रू कसा फिरवायचा ते जयवंताबाई दाखवतील. त्यांच्या दृष्टीचाही निवाडा तिथेच होईल.

आपण शांतपणे ऐकलेत, मी आभारी आहे. शेवटी क्षमा मागण्याची रीत आहे. कापूस निवडून घेतला नाही, ती चूक पोटात घाला. आजच्या एकाही शब्दाची क्षमा मी मागत नाही.